पाठमोऱ्या गाडीची उजवी बाजू

ताईचा फोन आला तेव्हा मी लातूरला आडतीवर तूरडाळीचा भाव पाडत उभा होतो. ताईचं बोलणं नेहमी घाईचं. त्या दिवशी ती सावकाश बोलली, आणि तिथंच मला कळलं. "दत्तू, हे गेले रे. सकाळी शेडात गाडीवर जाऊन बसले होते. मी चहा घेऊन गेले तर..." पुढं तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आडत्या म्हणाला, मग काय ठरलं? डाळ त्याच्या भावानं घेतली की माझ्या, हे आजही मला सांगता येणार नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, माणिकराव. त्यांना जाऊन आता दीड महिना होत आला. त्यांचं माझं भांडण होतं, आणि ते मिटलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं कुणी मला ढोंगी म्हणायला नको. पण उदगीरच्या स्टेशनात उतरून ज्यांनी कधीकाळी टांग्यानं गाव गाठलं, त्यांना दाजी आठवत नसले तरी त्यांची गाडी आठवत असेल. पाठमोरी गाडी म्हणायचे तिला. साध्या टांग्यात निम्मे लोक पुढं तोंड करून बसतात, निम्मे मागं. हिच्यात दोन लांब बाकं दोन्ही चाकांवर, आणि बसणाऱ्याचं तोंड रस्त्याच्या कडेला. डावीकडचे लोक डावीकडची दुकानं बघणार, उजवीकडचे उजवीकडची. मध्ये सामानाचा खोल खण आणि खणापलीकडं दुसऱ्याची पाठ. पाय चाकाबाहेरच्या फळीवर. नवख्या माणसाला वाटायचं, आता पडलो.

ही गाडी आपल्याकडची नव्हे. दाजींचे आजोबा निजामाच्या काळात रेल्वेच्या एका साहेबाचा घोडा सांभाळायला होते. साहेब आयर्लंडचा. त्यानं उदगीरच्या सुताराला अंगणात कोळशानं चित्र काढून दाखवलं आणि बाभळीच्या लाकडात आपल्या मुलखातली गाडी करवून घेतली. तिकडं पाऊस फार, तरी तिला वरून काही नव्हतं म्हणे, पण पाऊस सोसणाऱ्या साहेबाला इथलं ऊन सोसेना, तेव्हा वर कापडी छत आलं. साहेब देश सोडून गेला, गाडी आजोबांकडं राहिली. माझी मुलगी नांदेडला कॉलेजात शिकवते. तिनं मला फोनवर तिकडची चित्रं दाखवली होती. हुबेहूब तीच गाडी, तशीच पाठीला पाठ लावून बसलेली माणसं. ती सांगत होती की तिकडं रेल्वे येण्याआधी एका परदेशी माणसानं गावोगाव अशा गाड्यांच्या रोजच्या फेऱ्या सुरू केल्या होत्या. तो आधी चित्रांचं ओझं पाठीवर घेऊन दारोदार विकत फिरायचा. चालून चालून पाय मोडले, तेव्हा हा धंदा सुचला. तो माणूस मला लगेच समजला. मीही स्टेशनावर पोती उचलली आहेत.

उदगीरला ही गाडी चालली त्याचं कारण मात्र वेगळं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला; एकच गाडी, पण तोंडं बघायची सोय नाही. बुरख्यातल्या बायका, डोक्यावरून पदर घेतलेल्या सुना, सगळ्या निवांत बसायच्या. ताई नवी नवरी होऊन ह्याच गाडीतून सासरी गेली. ती म्हणते, "लई दिवस मला ह्यांच्या तोंडापेक्षा ह्यांची पाठच जास्त ओळखीची होती."

गाडीचा एक नेम होता. दोन्हीकडं वजन सारखं पाहिजे. गिऱ्हाईक भरपूर असलं की दाजी पुढच्या उंच बैठकीवरून हाकायचे. पण एकटाच माणूस असला तर ते खाली उतरून त्याच्या विरुद्ध बाजूला बसायचे आणि तिथून लगाम धरायचे. नाहीतर गाडी एका कडेला कलायची आणि घोड्याच्या खांद्याला दांडी घासायची. हमाली संपवून मी ताईकडं जेवायला जायचो तेव्हा मी डावीकडं, दाजी उजवीकडं. बोलताना वळायचं नाही, वळलं की तोल जातो. माझं निम्मं आयुष्य मी त्या माणसाशी दुकानांच्या पाट्यांकडं बघत बोललो. पहिला टेम्पो घ्यायचं ठरलं तेही असंच, पाठीमागून. "घे," एवढंच ते म्हणाले होते. टेम्पोचे दोन झाले, दोनाचे चार झाले आणि मग लातूर-नांदेड रस्त्यावर, अहमदपूरच्या पुढं, मी हॉटेल बांधायला काढलं.

हॉटेलला लोकांनी थांबावं तर रस्त्यावरून काहीतरी दिसलं पाहिजे. मला दाजींची गाडी दिसली. त्या वेळी ऑटोंनी स्टेशन ताब्यात घेतलं होतं, दाजींना दिवस दिवस गिऱ्हाईक मिळत नव्हतं. मी दर्शनी भागात सिमेंटचा चौथरा बांधायला घेतला, चाकं घट्ट बसावीत म्हणून त्यात लोखंडी बोल्ट सोडले आणि माळेगावच्या यात्रेत दाजींना गाठलं. ते दरवर्षी तिथं घोडेबाजार बघायला यायचे. घ्यायचं नसलं तरी घोड्यांचे दात बघत फिरायचे.

सोयऱ्याशी तोंडानं भाव करायची आमच्याकडं लाज वाटते. आणि दाजींशी तर नाहीच. ते मला पुरतं बोलूही देईनात. मी गाडीचं नाव काढलं तसा त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातावर टाकला आणि म्हणाले, "चल, बोटं दाब." ज्यांनी हा बाजार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: कापडाखाली एकमेकांची बोटं धरून भाव सांगायचा, वर चकार शब्द नाही, बघणाऱ्याला काही कळत नाही आणि दोघांचाही मान राहतो. मी उभ्या आयुष्यात कुणाला पहिल्या झटक्यात भाव दिलेला नाही. त्या दिवशी दिला. दाजींनी माझी बोटं बराच वेळ धरून ठेवली, मग सगळा पंजा दाबला. म्हणजे सौदा झाला. बाजूला उभा असलेला ओळखीचा दलाल हसून म्हणाला, "मेव्हण्या-दाजींचा सौदा हाय, आता आम्हाला जेवाण कोण घालणार?" जेवण मी घातलं.

दुसऱ्या दिवशी ताईचा निरोप. ह्यांना जमत नाही म्हणतात.

एवढंच. कारण नाही, काही नाही. मी तडक उदगीरला गेलो. दाजी घोडीला खरारा करत होते. मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाजारात हात देऊन शब्द फिरवणारा माणूस आमच्या धंद्यात मेल्यात जमा, एवढं तर नक्की म्हणालो. त्यांनी घोडीच्या मानेवरून हात फिरवत सगळं ऐकून घेतलं. "न्हाई जमत दत्तू," म्हणाले आणि पाणी आणायला निघून गेले. भावासाठी अडले असते तर मी वाढवून दिलं असतं. दुसरं गिऱ्हाईक असतं तर त्याला गाठलं असतं. पण ज्याला काही नकोच आहे, त्याच्याशी घासाघीस कशी करायची... तिथं मी जो अडकलो तो अडकलोच.

बोलणं बंद झालं. पण भाऊबीज बंद करता येत नाही. दर भाऊबीजेला मी उदगीरला उतरलो की दाजी गाडी घेऊन उभे. ऑटोत बसावं तर ताईला लागणार. मी मुकाट्यानं डावीकडं बसायचो, दाजी उजवीकडं. पहिल्या वर्षी आम्ही चौक ओलांडला. मग दाजी घोडीला म्हणाले, "चांदणे, शेठला विचार, चहा घेणार का इथं." मी म्हणालो, "चांदणे, सांग तुझ्या मालकाला, ज्यांचा शब्द पक्का असतो त्यांच्यासंगं चहा पीत असतो मी." मागून आवाज आला, "चांदणे, चल बाई. शेठचं हॉटेल हाय, ते घरचाच चहा पीत असतील." पुढं कितीतरी वर्षं आमचं सगळं बोलणं त्या घोडीच्या मार्फत झालं. माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेही मी चांदणीलाच सांगितलं. मला हसू यायचं, पण पाठीला पाठ असल्यानं दाजींना ते दिसलं नाही. त्यांचं मला दिसलं नाही.

इकडं हॉटेलसमोर चौथरा तसाच. वर चार बोल्ट, गंजत चाललेले. गिऱ्हाईक विचारायचं, शेठ, पुतळा बसवून राहिले काय? आचारी म्हणाला कुंड्या ठेवू. मी ठेवू दिल्या नाहीत, फोडूही दिला नाही. दाजींनी दिलेला हात तिथं उघडा पडला होता, तो मला रोज बघायचा होता.

मग चांदणी गेली. म्हातारी झाली होती. दाजींनी दुसरी घोडी घेतली नाही. त्यानंतर मी स्टेशनावरून ऑटो करून परस्पर घरी जाऊ लागलो. मध्ये कुणी सांगणारं उरलं नाही, म्हणून आमचं बोलणंही उरलं नाही. दाजी जेवायला बसायचे, उठायचे. गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर ताई म्हणाली, हे शेडात असतील, जाऊन ये जरा. गाडी दांड्यांखाली ठोकळे देऊन उभी होती आणि दाजी उजव्या बाकावर भिंतीकडं तोंड करून बसले होते. वजन खूपच उतरलं होतं, तरी गाडी त्यांच्या बाजूला कललेली. मी डावीकडं चढलो. कमानी कुरकुरल्या... मला विचारायचं होतं. एकच गोष्ट विचारायची होती, दिलेला हात का फिरवला. तोंडापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं, कारण विचारलं असतं तर पहिलं बोलणं माझं झालं असतं. मग मागून आवाज आला. "दत्तू, जरा पुढं सरक." मी सरकलो. गाडी सरळ झाली. मग ताईनं हाक मारली आणि आम्ही उठलो. ते माझ्याशी सरळ बोलले, हे परतीच्या वाटेवर माझ्या लक्षात आलं.

दहाव्यानंतर ताईनं मला सांगितलं, तेही मी चिडून विषय काढला म्हणून. माळेगावहून येताना दाजी मुद्दाम माझ्या हॉटेलवर उतरले होते. ताईला यात्रेतूनच फोन करून म्हणाले होते, आपलं आता बरं झालं, सामान आवरायला घे. तिथं त्यांनी गवंड्याला विचारलं, घोडी कुठं बांधायची, पाण्याची सोय कुठं. गवंडी म्हणाला, कसली घोडी? गाडी ह्या बोल्टांवर आवळायची आहे. दाजी चौथऱ्याभोवती एक चक्कर मारून पुढच्या बसनं घरी आले. "ह्यांना वाटलं, तू तिघांना नेणार हायस," ताई म्हणाली. "गाडी, चांदणी आन् हे. गिऱ्हाइकांना फिरवतील रस्त्यानं... माझ्या मेव्हण्याचं हॉटेल म्हणून सांगतील."

कापडाखाली बोटं भाव सांगतात. माल काय आहे ते सांगत नाहीत.

ताई म्हणते ह्यात कुणाची चूक नाही, मुलगी म्हणते माझी आहे. मी मानत नाही. दाजींनी तोंड उघडायला पाहिजे होतं. चौथरा मी एका दिवसात फोडला असता, घोडीला पत्र्याची शेड दिली असती, त्यांना जे पाहिजे ते दिलं असतं. मला विचारायची संधीच न देता त्यांनी इतकी वर्षं मला दारात उभं ठेवलं, आणि आता तर कायमचंच. ही तक्रार मी कुणाकडं घेऊन जाऊ?

गाडी आता माझ्याकडं आहे. ताईनंच टेम्पोत घालून पाठवली. म्हणाली, हात दिला होता ना ह्यांनी, मग तुझीच आहे. गाडी परत पाठवता येत नाही, ताईला काय सांगणार? विकायला काढवत नाही. परवा हैदराबादचा एकजण बघून गेला, किंमत विचारत होता, आणि माझ्या तोंडून आकडाच निघाला नाही. चौथऱ्यावर ती चढवणार नाही. सध्या हॉटेलच्या मागं, जनरेटरच्या खोलीशेजारी, दांड्यांखाली ठोकळे देऊन उभी आहे. दुपारची गर्दी ओसरली की मी जाऊन डाव्या बाकावर बसतो. समोर भिंत. बसलो की गाडी माझ्या बाजूला कलते. आचाऱ्यानं एकदा उजवीकडं तांदळाचं पोतं आणून ठेवलं होतं, शेठला नीट बसता यावं म्हणून. मी त्याला असं झापलं की तो दोन दिवस कामावर आला नाही. पोतं काढलं, गाडी पुन्हा कलली. मी मागं वळून बघत नाही, त्या गाडीत वळायचं नसतं. नुसता जरा पुढं सरकतो.