पार्वतीबाई दिसल्या तेव्हा

धर्माजी म्हात्रे तरुणपणी मुंबईत फिल्म धुण्याच्या लॅबमध्ये कामाला होते. मालकाने नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना, आठ मिलिमीटरचा, यांना दिला. पुढची पाच वर्षं सुट्टीच्या दिवशी भाईंदरच्या मिठागरांवर धर्माजी आणि तो कॅमेरा. मिठाच्या राशी, खाडीतल्या होड्या, भावांची लग्नं, सगळं त्यांनी टिपलं. पाहुणे आले की भिंतीवर पांढरी चादर लावून प्रोजेक्टरवर दाखवायचे. त्या वेळी पार्वतीबाई, त्यांची बायको, आत चहा करत असायच्या.

"मला कवा दावनार?" त्या विचारायच्या.

"घरातलीच तू. कधीही दाखवीन."

मग प्रोजेक्टरचा दिवा गेला. तसला दिवा पुन्हा मिळाला नाही, आणि धर्माजींनी फारसा शोधलाही नाही. नऊ रिळं पत्र्याच्या डब्यात माळ्यावर गेली. चाळीसेक वर्षं गेली. काचबिंदूने पार्वतीबाईंची नजर गेली, तीही पूर्ण.

गेल्या वर्षी नात क्षितिजाने माळा साफ करताना डबा काढला. झाकण उघडताच आंबूस वास आला. जुन्या फिल्म कॉपी करून देणाऱ्या जेसल पार्कातल्या दुकानदाराने सांगितलं, "दो रील तो गए, चिपक गए हैं। बाकी हो जाएगा।" महिन्याभराने सात रिळं पेन ड्राइव्हमधून टीव्हीवर आली. आवाज नव्हताच. धर्माजी पाहत होते आणि शेजारी बसलेल्या पार्वतीबाईंना सांगत होते. हा धाकटा भाऊ, ही होडी, हा मांडव.

"आनि मी?"

सहा रिळं संपली होती, बायको कुठेच नव्हती.

"ही बघ आलीस. हिरव्या लुगड्यात," धर्माजींनी ठोकून दिलं.

"हिरवं लुगडं मला कंदी घेतलंत?"

पार्वतीबाई भिंतीला हात लावत आत निघून गेल्या. सातवं रीळ त्या दिवशी कोणी पाहिलंच नाही.

ते धर्माजींनी आठवड्याने पाहिलं, क्षितिजाबरोबर. मिठागराच्या बांधावरून बायका टोपल्या घेऊन येत होत्या. चौथी बाई कॅमेऱ्याकडे वळली, हसली, काहीतरी बोलली आणि पुढे गेली. चार सेकंद असतील.

"थांबव," धर्माजी म्हणाले. "मागे घे."

ते उठून थेट स्वयंपाकघरात गेले. पार्वतीबाई लसूण सोलत बसल्या होत्या.

"सापडलीस गं! डोक्यावर टोपली आहे, हसतेस. काहीतरी म्हणतेस मला. काय म्हणत होतीस?"

"ऱ्हाऊ द्या आता. माजं मन राखू नका."

"खरंच आहेस तू, आजी," क्षितिजा म्हणाली. "तुझ्या गालावरचा तीळपण दिसतोय."

"तू बी त्यांचीच नात."

क्षितिजाने तेवढंच चित्र छापून फ्रेम करून आणलं. धर्माजींनी ते बायकोच्या हातात दिलं. पार्वतीबाईंनी त्यावरून बोटं फिरवली.

"काच हाय," म्हणाल्या आणि परत दिलं.

धर्माजी अजूनही अधूनमधून ते रीळ लावतात. टीव्हीवर बायको ओठ हलवते. काय म्हणाली ते त्यांना आठवत नाही, आणि तिला आता विचारायचा धीर होत नाही.