तात्या हसेपर्यंत

आमच्या घरात एक रीत आहे. लग्नातलं जेवण असो की नवा ट्रॅक्टर, पहिलं मत तात्यांचं. तात्या म्हणजे माझे वडील. ते बोलेपर्यंत आम्ही सगळे चव न कळल्यासारखे गप्प. ही रीत सिनेमालाही लागू होते, हे मला बारामतीच्या थिएटरात कळलं.

मुलीची बारावी झाली होती. तिला पुण्याला होस्टेलवर राहून शिकायचं होतं. "तात्यांना विचारून बघू," असं म्हणून मी वेळ मारून नेली होती. तात्या इंदापूरला माझ्या थोरल्या भावाकडे असतात. ते पिंपळीला आमच्याकडे राहायला आले तेव्हा मी डोकं चालवलं. आधी त्यांना खूश करावं, मग विषय काढावा. पोस्टरवर सायकलीवरची हसरी पोरं दिसली. घरच्यांनी मिळून बघायचा विनोदी सिनेमा, असं मीच जाहीर केलं आणि तिकिटं काढली.

सिनेमा सुरू होतो न होतो तोच त्यातली मुलगी क्लासला जाते सांगून मित्रांबरोबर समुद्र बघायला निघाली. आता पुण्याचा विषय कसा काढायचा? सगळं थिएटर हसत होतं, आमची रांग मात्र सुतकात बसल्यासारखी. प्रत्येक विनोदाला बायको, मुलगी आणि मी आधी तात्यांकडे बघायचो. ते हसत नव्हते. पडद्यावर तिनं मित्राचा हात धरला, तेव्हा मी पॉपकॉर्नचा डबा नेमका तात्यांच्या डोळ्यांपुढे धरला.

"आरं, बाजूला घे की!"

मी आणखीच घाबरलो.

बाहेर पडताना पुढची बाई नवऱ्याला म्हणत होती, "असलं बघूनच पोरी शेफारतात." मागून कॉलेजची पोरं ओरडली, "लय भारी! उद्या परत!" दोन्ही मतं तात्यांच्या कानावर पडू नयेत म्हणून मी त्यांना जवळजवळ ढकलतच गाडीत बसवलं. त्यांना इंदापूरला सोडायचं होतं. मासे खाऊन तरी राग निवळेल म्हणून मुद्दाम भिगवणवरून गेलो.

हॉटेलात मासे आले. तात्यांनी एक काटा बाजूला ठेवला आणि थेट मुलीला विचारलं, "कसा वाटला गं पिच्चर?"

बायकोच्या हातातला ग्लास तसाच राहिला. तात्यांच्या आधी कुणाचं मत?

"आवडला, तात्या. पण तिनं घरी खोटं सांगितलं, ते नाही पटलं." मुलगी थांबली. "खरं सांगितलं असतं तर तिच्या पप्पांनी जाऊ दिलं नसतं, हेही आहेच."

तात्या माझ्याकडे वळले. "व्हय रं? न्हाय दिलं असतं?"

सवयीनं मी त्यांच्याच तोंडाकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघतोस? पुण्याचं तिनं मला कवाच सांगितलंय. मी म्हणलं, बापाला इचार. आन् बाप मला फुडं करतोय!"

तात्यांची भीती होती तोवर बरं होतं, तिच्याआड माझी स्वतःची भीती झाकून जात होती. ते अनोळखी शहर. तिथं हिला रात्री ताप आला, तर कपाळावर हात कोण ठेवणार?

"दिलं असतं," मी पुटपुटलो.

"मोठ्यानं बोल. मला ऐकू कमी येतं."

"दिलं असतं!"

शेजारच्या टेबलावरचे लोक मासे सोडून माझ्याकडे बघायला लागले. मुलगी खळखळून हसली. आधी तात्यांकडे न बघता.