दयाराममास्तरांनी निवडलेला पाठ

पनवेलच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीला दोन वर्षांपासून पाळक, म्हणजे पाद्री, नाही. आधी रविवारचा उपदेश दयाराममास्तर करत. उरणच्या शाळेतून निवृत्त झालेला एकटा, फटकळ माणूस. दर सोमवारी ते बायबलमधल्या वाचनांचा छापील तक्ता उघडत, त्या रविवारसाठी नेमलेले चार पाठ वहीत उतरवत आणि शनिवारपर्यंत त्यांच्याशी झगडत बसत. उपदेश कुणाला झोंबला की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "वाचनं मी निवडत नाही. तक्त्यात आहेत."

मंडळीला ते आवडत नव्हते आणि त्यांना मंडळी.

चर्चला लागून भामाबाईंचं घर आणि परसू. भामाबाई मंडळीतल्याच, विधवा. कमिटीला ते परसू गाड्या लावायला हवं होतं आणि त्या देत नव्हत्या. शेवटी चेअरमन काशिराम उबाळ्यांनी त्यांच्या नळाची जोडणी तोडायला लावली, ती चर्चच्या आवारातून जाते म्हणून. मी कमिटीत होतो. गप्प बसलो.

जूनमधल्या एका रविवारी तक्त्यात नाबोथाचा पाठ आला. राजवाड्याशेजारचा द्राक्षमळा राजाला हवा असतो, नाबोथ देत नाही, म्हणून खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी मारतात. मास्तरांनी कुणाचंही नाव घेतलं नाही. फक्त म्हणाले की राजाने स्वतः दगड उचलला नव्हता, गावातली भली माणसं त्या कामाला पुरली. सगळ्या माना भामाबाईंच्या बाकाकडे वळल्या.

दुपारी कमिटी बसली. मास्तरांनी नेहमीचं उत्तर दिलं. पण या वेळी काशिराम तक्ता घेऊन आले होते.

"वाचनं चार होती," ते म्हणाले. "शुभवर्तमानात त्या पापी बाईला प्रभूने क्षमा केली, तेही आजचंच. ते सोडून तू हेच का धरलंस?"

मास्तरांनी तक्ता हातात घेतला, पाहिला, परत दिला.

"क्षमेचा उपदेश सोमवारी लिहायला घेतला होता. मंगळवारी तुम्ही नळ तोडलात. मी तो फाडला."

त्यांना उपदेशावरून काढायचा ठराव झाला. मीही हात वर केला.

भामाबाईंनी तरी आभार मानावेत, तर त्या फाटकातच त्यांना आडव्या आल्या. "तुमी माजी शोभा केली, मास्तर. येवडी काळजी व्हती तर घरी यायचं. मी हितंच ऱ्हातीय."

मास्तरांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. आयुष्यात प्रथमच, बहुतेक.

बभ्रा नको म्हणून कमिटीने चार दिवसांत नळ जोडून दिला आणि परसवाचा विषय पुन्हा काढला नाही. भामाबाई मात्र आता दुसऱ्या चर्चला जातात.

उपदेश काशिरामांचा पुतण्या प्रितेश करतो, मोबाइलवर सापडेल तो. मास्तर शेवटच्या बाकावर बसून त्याच्या चुका कागदावर उतरवतात. गेल्या रविवारी अठरा झाल्या. उपासनेनंतर त्यांनी कागद काशिरामांच्या हातात दिला. काशिरामांनी न वाचताच तो फाडला.

मास्तरांनी वहीतून दुसरी प्रत काढली आणि नोटीस बोर्डावर लावली.