बेडच्या उजवीकडची जागा

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायला वाचते. पिंपळ, अमावस्या, पांढरी साडी... माझा नवरा बंगाली, भुतांच्या बाबतीत पक्का भाविक. मी हसले की म्हणतो, "एकदिन तुमि बुझबे." एक दिवस कळेल तुला. मी त्याला म्हणायचे, अरे, मी इमर्जन्सीत काम करते. आमच्या डोळ्यांदेखत माणसं जातात, त्यातलं कुणी परत येऊन 'मॅडम, तुमचं जरा चुकलंच' असं बोललेलं नाही. म्हणून हे लिहिताना लाज वाटतेय, पण पोटात ठेवून फार दिवस झाले.

आधी जागा सांगते. खिदिरपूरच्या गोदीपासून फार लांब नसलेलं एक हॉस्पिटल. नाव देत नाही, तिथे अजून नोकरी करायची आहे. बाबा कस्टम्समध्ये बदलीवर कोलकात्यात आले आणि रमले, माझा जन्म इथलाच. आता आईबाबा पुण्याला असतात, त्यामुळे मराठी माझ्या वाट्याला येते ती फोनवर. हॉस्पिटलमध्ये बंगाली, हिंदी आणि इंग्रजी यांची खिचडी. मराठी कळणारी तिथे मी एकटीच... हे एवढं लक्षात ठेवा.

गंभीर पेशंट आला की आमच्याकडे प्रत्येकाची जागा ठरलेली असते. पायाशी लीडर – तो कशाला हात लावत नाही, बघतो आणि सांगतो. डोक्याशी हाताने बॅग दाबून श्वास देणारा. डाव्या बाजूला सुया-नळ्या घालणारा डॉक्टर, ती माझी जागा. उजव्या बाजूला औषधं देणारी नर्स. आणि एक नियम: सांगितलेलं ज्याने ऐकलं त्याने ते मोठ्याने परत म्हणायचं, मगच करायचं, आणि झालं की 'झालं' म्हणायचं. सांगणारा ते ऐकल्याचं बोलून दाखवेपर्यंत काम पुरं झालं असं धरायचं नाही. नवीन लोकांना हा शाळेतला पाढा वाटतो. पण गडबडीत 'मला वाटलं तू दिलंस' या एका वाक्याने काय काय होतं, ते मी पाहिलंय.

दुर्गापूजा तोंडावर आली होती. टळटळीत दुपार, बाहेर मंडपाच्या बांबूंची ठोकाठोक चाललेली. आमची शिऊलीदी, म्हणजे उजव्या बाजूची नर्स, साड्यांच्या खरेदीसाठी सुट्टी घेऊन हातीबागानला गेली होती. तिच्याऐवजी रामाशीष होता, आमचा बिहारचा ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. एकट्याला मॉनिटर आणि औषधं दोन्ही बघायची होती, म्हणून ट्रॉली त्याने माझ्याच बाजूला ओढून घेतली आणि तोही तिथेच उभा राहिला. डोक्याशी तापसदा. पायाशी डॉक्टर सान्याल, आम्हा सगळ्यांचे सान्यालदा. उजवी बाजू रिकामी होती. तिथे भिंत, आणि भिंतीपर्यंत मोकळी फरशी.

पेशंट मजीदभाई. गोदामात पोत्यांची थप्पी अंगावर कोसळलेली. ओठ निळे, गळ्याच्या शिरा टम्म, प्रेशर घसरत चाललेलं. बायको त्याच्या चपला हातात घेऊन दाराशी उभी होती आणि मिळेल त्याला सांगत होती, "अभी बात कर रहे थे, डॉक्टर साब... रास्ते में बात कर रहे थे."

त्याच्या छातीत हवा कोंडली होती. फाटलेल्या फुफ्फुसातून सुटलेली हवा बाहेर पडू शकली नाही की दुसऱ्या फुफ्फुसाला आणि हृदयाला दाबत जाते. एक्स-रे काढेपर्यंत माणूस थांबत नाही. त्या बाजूला जाड सुई घालून हवा सोडायची, बस. पण बाजू चुकली, तर धडधाकट फुफ्फुस आपल्याच हाताने फोडलं म्हणून समजा. मग त्या बाईला चपला घेऊन घरी जायला सांगावं लागतं.

आता यातली मेख अशी, की डावं-उजवं नेहमी पेशंटचं धरायचं, आणि पायाशी उभं राहून पाहिलं की त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. सान्यालदांना हे झोपेत विचारलं तरी सांगतील. पण सकाळपासून एकामागून एक पेशंट येत होते आणि माणूस शेवटी माणूस असतो. छातीची एक बाजू हलत नाही हे त्यांनी बरोबर पाहिलं, आणि म्हणाले, "लेफ्ट हलत नाहीये. नीडल, लेफ्ट."

"नीडल, लेफ्ट," मी म्हणाले. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. मी ऐकलं, परत म्हटलं, त्यांनी "येस" म्हटलं. लीडरने सांगितलं की आमचे हात चालतात, त्यासाठीच ही सगळी शिस्त. मी जागा पुसली, बरगडी चाचपली, सुई टेकवली.

"अगं, उजवीकडे."

समोरून आलं. ओरडून नाही, घाबरवूनही नाही. साखरेचा डबा कुठल्या फळीवर आहे हे स्वयंपाकघरातलं माणूस सांगतं ना, तशा आवाजात. मी मान वर केली. समोर भिंत.

त्या क्षणी मला काहीही विचित्र वाटलं नाही, हेच मला आता सगळ्यात विचित्र वाटतं. मी सुई उचलली, डाव्या छातीला स्टेथोस्कोप लावला – श्वास चालू. उजवीकडे लावला – काहीच नाही, नुसती शांतता. "सान्यालदा, राइट! राइटला जातेय," मी ओरडले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "राइट. गो." मी पलीकडे धावले, त्या मोकळ्या फरशीवर उभी राहिले आणि सुई घातली. हवा फुस्सकन बाहेर पडली. तापसदा म्हणाला, "आता बॅग सोपी जातेय," आणि रामाशीष प्रेशरचे चढते आकडे मोठ्याने वाचू लागला.

मजीदभाई वॉर्डात गेल्यावर आम्ही चौघं पडद्याआड उभे राहिलो. हीसुद्धा आमची पद्धत – काय बरोबर झालं, काय चुकलं, कुणालाही न टोचता बोलायचं. सान्यालदांनी स्वतःच चूक सांगितली. मग मी म्हणाले, "मला कुणी थांबवलं? त्याला थँक्यू म्हणायचंय."

रामाशीष म्हणाला, "आप नहीं बोलीं, मॅडम? हम तो सुने... 'दहिना ओर'." मग स्वतःशीच म्हणाला, असं तर आमच्या गावाकडे बोलतात.

तापसदाचे आईवडील पूर्व बंगालचे. तो हळूच म्हणाला, "मी 'डाइन दिके' ऐकलं. उजव्या बाजूला इथे सगळे 'डान' म्हणतात. 'डाइन' फक्त माझी आई म्हणायची."

मी काय ऐकलं ते सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की ते मराठी होतं. अंगावर सरसरून काटा आला.

"मी काहीच ऐकलं नाही," सान्यालदा म्हणाले. "पण तुम्ही तिघांनी एकदम माना वर केल्यात आणि तिकडे बघितलंत." त्यांनी बोट दाखवलं ते शिऊलीदीच्या जागेकडे.

दुसऱ्या दिवशी शिऊलीदीला सांगितलं तर ती खो खो हसली. "मी दुकानदाराशी भांडत होते रे बाबा, मला कुठला वेळ!" मग आमची तोंडं बघून थांबली. आता ती उभी राहते जागेवरच, पण जरा सरकून, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.

एकाच वेळी तिघांना भास? ताण? माझ्याच कानाने छातीतला फरक आधी टिपला आणि मेंदूने त्याला आवाज दिला? हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलंय. मग तापसदाला त्याच्या आईचा शब्द कुठून मिळाला?

मजीदभाई बायकोचा हात धरून, स्वतःच्या पायांनी घरी गेला. त्या दिवशी चहा पिताना सान्यालदा जरा चाचरत म्हणाले, "तुला एक सांगायचं राहिलंय. तू घाबरशील म्हणून बोललो नव्हतो. सुई घातल्यावर तू माझ्याकडे बघून 'झालं' म्हणाली नाहीस. शेजारी बघून म्हणालीस, तुमच्या भाषेत काहीतरी. मग गप्प राहिलीस, आपण उत्तराची वाट बघतो ना, तशी. आणि नंतर हसलीस."

मला यातलं काही आठवत नाही. मी खोदून खोदून विचारलं, माझ्या शेजारी कुणी होतं का. ते नाही म्हणाले. मजीदभाई वाचला, अजून काय हवं, असं नवरा म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण मी हसले म्हणजे मला काहीतरी उत्तर मिळालं होतं. ते काय होतं, एवढं मला कुणीतरी सांगायला हवं.