टेबल मांडून मी जाऊन बसले

निवृत्त झाले तेव्हा माझ्या हाताखाली चर्चचे एकवीस पाळक होते. त्यातले निम्मे तरी माझ्या तोंडाला घाबरायचे. पाळक म्हणून तुमचा पहिला रविवार कसा गेला, असं कोणी विचारलं की मी विषय बदलायचे. आज सांगून टाकते.

नव्वद सालाच्या थोडं आधी आम्ही परळची खोली सोडून भाईंदर पूर्वेला आलो. आमच्या ख्रिस्ती मंडळीला स्वतःचं चर्च नव्हतं. खारी गावाजवळच्या शाळेतला एक वर्ग रविवारपुरता मिळायचा. पाळक मुंबईहून महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या विधीला यायचे. बाकी सगळं मी बघायचे. मुलांना शिकवायचं, प्रार्थना घ्यायची, राई गावापासून नया नगरपर्यंत आजाऱ्यांना भेटायचं. घरी मला बसवायचंच नाही. "तुझ्या पायाला भिंगरी लागलीय," नवरा म्हणायचा, आणि मी चपला घालता घालता त्याच्यावर खेकसायचे.

प्रभुभोजनाची तयारीही माझीच. बेकरीतून अख्खा पाव आणायचा, काळ्या मनुका उकळून रस गाळायचा, टेबलावर पांढरी चादर घालायची. एवढं झालं की डावीकडे बायकांत जाऊन बसायचं. पावाला आशीर्वाद द्यायचा तो दीक्षा झालेल्या पाळकांनीच.

एका रविवारी पाळक आलेच नाहीत. खारीत मुलाकडे राहणाऱ्या एक आजी त्या दिवशी रिक्षा करून, दोघींच्या आधाराने आल्या होत्या. तासभर वाट पाहून त्या मला म्हणाल्या, "पाव हाय, रस हाय, तू हायस. मग दे की." मला देता येत नव्हतं. मी पाव फडक्यात गुंडाळून घरी आणला. पुढचं प्रभुभोजन व्हायच्या आत आजी वारल्या. मला नियमाचा राग आला, पाळकांचा आला, सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. त्याच आठवड्यात मी पाळकपदाच्या शिक्षणासाठी अर्ज केला.

आमच्या मंडळीचा कारभार बघणाऱ्यांतले सर्वांत जुने पंच सभेत उठून म्हणाले, "बाईंनी शिकावं, हरकत नाही. पण बाईच्या हातून प्रभुभोजन मी तरी घेणार नाही." त्यांच्या पाठोपाठ आणखी चार माना हलल्या. पुढची सगळी वर्षं, परीक्षा देताना, मुलाखतींना जाताना, त्या माना माझ्या डोळ्यांसमोर असायच्या. मला दीक्षा मिळाली, नेमणूकही याच मंडळीत झाली. पण मी दिलेल्या पावासाठी यांनी हातच पुढे केले नाहीत तर?

पहिल्या रविवारी हाच घोर घेऊन मी वर्गात गेले. चादर घातली, पाव ठेवला, रस ओतला. पंच पुढच्याच बाकावर होते. गीत सुरू झालं आणि मी डावीकडे जाऊन बसले.

गीत संपलं. सगळे थांबले. मी जुन्या सवयीने दाराकडे बघत होते. पाळकांना आजही उशीर, म्हणून मनातल्या मनात चिडलेसुद्धा.

पंच मागे वळले. "अहो बाई, किती वेळ बसवून ठेवणार? पाळक तुम्ही की मी?"

वर्ग हसला. माझे कान तापले. इतकी वर्षं मी या माणसाच्या नावाने बोटं मोडली होती, आणि आज मला अडवायला कोणीही नसताना मीच जाऊन बसले होते. मी उठले. पावाला आशीर्वाद दिला. पाव मोडला. एकेक जण येऊ लागला. त्या चार मानाही आल्या.

पंच शेवटी आले. त्यांनी माझ्यापुढे ओंजळ धरली. मी अजून रागातच होते, की रडकुंडीला आले होते, मला सांगता येणार नाही. उरलेल्या पावाचा मी एवढा मोठा तुकडा मोडून दिला, की तोंडात घास घेऊन ते जागेवर जाऊन बसले आणि पुढचं अख्खं गीत आम्हाला त्यांच्याशिवाय म्हणावं लागलं.