लखनौ, पाच दिवस: बोटीच्या पाच धुरकट खिडक्या

लखनौला लोक खायला जातात किंवा इमामबाडे बघायला. मी जानेवारीत गेले ती एका बोटीच्या कापडी कव्हरच्या प्लास्टिक खिडक्या दुरुस्त करायला. इमामबाडा बघायचा राहिला.

आत्या आणि काका चौतीस वर्षं अलीगंजमध्ये राहतात. काका रेल्वेत पुलांचे इंजिनिअर होते. नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर त्यांनी एक छोटी मोटरबोट घेतली आणि दर रविवारी ते गोमतीवर जाऊ लागले. आत्या तेव्हा नोकरीत होती, तिला रविवारी झोप हवी असे. ती निवृत्त झाली तोवर कव्हरच्या खिडक्या दुधासारख्या झाल्या होत्या. आत्याला दमा आहे. थंडीत उघड्या बोटीत बसणं तिला जमत नाही आणि उन्हाळ्यात नदीला वास येतो. कव्हर बंद केलं तर बाहेरचं काही दिसत नाही. "मी डब्यात बसायला येणार नाही," हे तिचं उत्तर पाच वर्षं बदललेलं नाही.

आता दोघं मुलाकडे बेंगळुरूला चालले आहेत. बोट विकली गेली आहे, घेणारा सोमवारी येऊन नेणार. काकांचा फोन आला, "सई, तू प्लास्टिकवालीच ना? रविवारपर्यंत होईल?"

मी पॉलिमर इंजिनिअर आहे. मी हो म्हटलं.

गुरुवारी पुण्याहून विमानाने निघाले. सोबत पारदर्शक पीव्हीसीचा रोल होता, पाऊण मिलिमीटर जाडीचा. हे प्लास्टिक गुंडाळूनच न्यायचं असतं. घडी घातली तर घडीची रेघ कायमची राहते. लखनौच्या अमौसी विमानतळावर उतरल्यावर दारातल्या गार्डने रोलवर काठी टेकवली.

"इसमें क्या है मैडम?"

"खिड़की."

त्याने माझ्याकडे पाहिलं, रोलकडे पाहिलं आणि जाऊ दिलं. विमानतळावरून थेट मेट्रो आहे, स्वस्त आणि स्वच्छ. आयटी कॉलेजला उतरून पुढे ई-रिक्षा. जानेवारीत जाणार असाल तर दोन स्वेटर न्या, एक पुरत नाही.

शुक्रवारी सकाळी काकांनी कव्हर गच्चीवर पसरलं. एकूण पाच खिडक्या, समोर तीन आणि दोन्ही बाजूंना एकेक. धुरकटपणा वरचा आहे की आतला, हे आधी ठरवायचं. कोपऱ्यात रुपयाएवढी जागा साबणाच्या पाण्याने धुवायची, मग प्लास्टिकचं पॉलिश मऊ सुती कापडाने हलक्या हाताने फिरवायचं. डाग निवळला तर खिडकी वाचते. बाजूच्या दोन्ही निवळल्या. समोरच्या तिन्हींवर काही परिणाम झाला नाही. त्या कडकही झाल्या होत्या.

"काका, समोरच्या कशाने पुसायचात?"

"रॉकेलने. चिंधी घेऊन, व्यवस्थित. दर रविवारी." त्यांच्या आवाजात अभिमान होता. "रेल्वेत आम्ही सिग्नलचे दिवेसुद्धा रॉकेलनेच पुसायचो."

"ते काचेचे होते."

"अच्छा," काका म्हणाले.

रॉकेल पीव्हीसीमधला मऊपणा ओढून काढतं. बाजूच्या खिडक्यांपर्यंत त्यांचा हात पोहोचत नव्हता, म्हणून त्या वाचल्या. आत्या दारातून ऐकत होती. "म्हणजे यांनीच आंधळी केली बोट. आणि मला म्हणतात, तू येत नाहीस."

त्या संध्याकाळी मी चूक केली. मधली खिडकी नमुना म्हणून हवी, असा विचार करून मी तिची शिवण उसवली आणि ती काढून घेतली. स्टीलच्या पट्टीने मापं घेतली. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नव्हता. मी समाधानाने झोपले.

शनिवारी धुकं होतं. आम्ही तिघं चौक नावाच्या जुन्या बाजारपेठेत गेलो. काकांच्या ओळखीचे नफीस मास्टर तिथे ई-रिक्षांचे हूड आणि थंडीचे प्लास्टिकचे पडदे शिवतात. गल्लीत रिक्षा शेवटपर्यंत जात नाही, दहा मिनिटं चालावं लागतं. वाटेत काळ्या गाजराचा हलवा मिळाला, दोन द्रोणांत तिघांचं भागतं. तो जांभळ्या चिखलासारखा दिसतो. लागतो फार चांगला.

मास्टरनी कव्हर उलगडलं आणि मधल्या भोकाकडे पाहून हात थांबवला.

"ये किसने निकाली?"

"मैंने."

"क्यों?"

मी मापं असलेला कागद पुढे केला. त्यांनी तो आदराने वाचला आणि बाजूला ठेवला. "बिटिया, नाप खिड़की का है. कपड़े का कहाँ है? खिड़की ने ही तो कपड़े को पकड़ रखा था."

त्यांनी कव्हरची चेन लावून दाखवली. ती लागली नाही. नऊ वर्षं ताणलेलं कापड खिडकी निघताच आकसलं होतं. भोकाच्या डाव्या आणि उजव्या बाजूत चौदा मिलिमीटरचा फरक पडला होता. माझ्या मापाची नवी खिडकी तिथे बसली असती तर समोरचं अख्खं कव्हर वाकडं झालं असतं. काका घड्याळाकडे बघत नव्हते. न बघण्यासाठी त्यांना बरेच कष्ट पडत होते.

"पुरानी फेंक दी?" मास्टरनी विचारलं.

"नहीं."

"तो अक़ल बाक़ी है." आत्या हसली. तिला बरं वाटलं असावं.

मास्टरनी ती धुरकट खिडकी घेतली आणि परत तिच्या जागी लावायला सुरुवात केली. कापडात सुईची जुनी भोकं होती, प्लास्टिकमध्येही. भोकावर भोक ठेवत, हाताने कच्चे टाके घालत त्यांनी चारही बाजू फिरवल्या. कापडाला जिथे जिथे ताणावं लागलं तिथे ते अंगठ्याने ताणत होते. तास गेला. चेन लागली.

मग नवीन प्लास्टिक. थंडीत ते कडक होतं, तसंच शिवलं तर ऊन पडताच झोळ येतो. मास्टरनी ते शेगडीपासून हातभर लांब टांगलं. "इसको थोड़ा बैठने दो, जाड़े में अकड़ा हुआ है. आप भी बैठिए." मशीनच्या पायाखाली प्लास्टिक चिकटू नये म्हणून त्यांनी टाल्कम पावडर भुरभुरली. टाका लांब ठेवला. बारीक टाक्यांनी प्लास्टिक पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. तिन्ही नव्या खिडक्या जुन्यांच्या वरूनच शिवल्या आणि सगळं पक्कं झाल्यावर मागून जुनी खिडकी कापून काढली. कापताना कापड जराही हललं नाही.

हे मला कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवलं नव्हतं. मी वहीत लिहून घेतलं. मास्टर म्हणाले, "लिखिए मत, करिए." तिसरी खिडकी त्यांनी मला कापायला दिली.

रविवारी अकरा वाजता धुकं उठलं. कुडिया घाटावर काकांनी कव्हर चढवलं, सगळ्या चेनी लावल्या. आत्या दोन शाली आणि इनहेलर घेऊन पुढच्या बाकावर बसली. काकांनी इंजिन चालू केलं आणि बोट प्रवाहात घेतली.

गोमती नयनरम्य आहे असं मी लिहिणार नाही. जलपर्णी होती, धोब्यांचे दगड होते, देवळांच्या मागच्या बाजू होत्या. सगळं स्पष्ट दिसत होतं.  काका बोट सावकाश चालवत होते.

"इतकी वर्षं तुम्ही हे बघायला यायचात?" आत्याने विचारलं.

"हो."

"अच्छा."

थोड्या वेळाने पूल आला. काकांनी बोट वळवायला हात उचलला.

"अहो, इतक्यात नका फिरवू," आत्या म्हणाली. खिडकीवरची नजर तिने काढली नव्हती.

काकांनी हात खाली घेतला. आम्ही पुलाखालून पुढे गेलो.

सोमवारी बोट गेली, कव्हरसकट. त्याच संध्याकाळी मी पुण्यात परतले. तुमच्याकडे असं कव्हर असेल तर साबण आणि पाणी, दुसरं काही नको. नवी खिडकी पक्की झाल्याशिवाय जुनी काढू नका, ती कितीही खराब असली तरी.

महिन्याभराने बेंगळुरूहून आत्याचा फोन आला. काका बाजूलाच होते, त्यांचं बोलणं मागून ऐकू येत होतं.

"सई, हे म्हणतात आपण बोटीत अर्धा तास पण नव्हतो. मी म्हणते दीड तास तरी झाला. तू सांग."

माझ्या वहीत नोंद आहे. निघाल्यापासून घाटाला लागेपर्यंत सव्वीस मिनिटं.

"मी मोजलं नाही, आत्या," मी म्हटलं. "पण दीड तास झाला असेल."