छावणीतला तेरडा

द्वारका हट्टी होती. दिल्ली छावणीत आमच्या दोघींच्या क्वार्टरमध्ये एकच भिंत, तेव्हा मला विचारा! तिचा नवरा शहाजी हवालदार, गाव भुदरगडाकडचं. तिकडे रानातला तेरडा मुळासकट उपटून आणायचा, तीच गौर. लग्न होऊन दिल्लीत आली आणि तिची गौर तेरड्याविना बसू लागली. ते तिच्या जिवाला फार लागलं होतं.

मी म्हटलं, "अगं, नर्सरीत गुलमेहंदी मिळते, तेरड्याचीच बहीण. लाव की!" लावली. फुलं गुलाबासारखी भरगच्च, मी एकदम खूश. द्वारका रोज कुंडीपाशी बसून बघायची. शेवटी म्हणाली, "वहिनी, हिच्याकडं एक माशी फिरकत नाही. नुसता नट्टापट्टा. गौरीला ही नको."

भादवा सरताना शहाजी सुट्टीवर गावी गेला, त्याला बी आणायला सांगितलं. त्या शहाण्याने पिकलेली बोंडं विजारीच्या खिशात भरली! तेरड्याचं बोंड हात लागला की फुटतं, हे पोरंसोरंही जाणतात. रेल्वेत सगळी तडातडा फुटली. द्वारकाने त्याला चांगलं फैलावर घेतलं आणि मग विजार उलटी करून शिवणीतून बी वेचलं.

पुढच्या आषाढात तिने ते दारापुढच्या वाफ्यावर नुसतं भुरभुरलं, पुरलं नाही. भादव्यात फुलं आली, साधी, एकेरी, गुलाबी. आणि काय सांगू बाई! पोटावर निळे पट्टे असलेल्या मधमाश्या आल्या. इतकी वर्षं त्या क्वार्टरमध्ये राहिले, एक दिसली नव्हती. फुलात पार आत शिरायच्या आणि पाठीवर पांढरी पूड घेऊन निघायच्या. कुठून आल्या? कुणी कळवलं त्यांना? मी गॅस बंद करून बघत बसायची.

गौर आणायच्या दिवशी आम्ही बायका ताट घेऊन उभ्या. द्वारकाने वाकून बुंध्याला हात घातला आणि तशीच थांबली. माश्यांनी अख्खं रोप थरथरत होतं.

"उपट की गं! वेळ टळतेय," मी खेकसले. माझा स्वभावच तसला.

तिचे डोळे भरले होते. "वहिनी, गौर माहेराला येते ना? मग ही आलीय की. आलेल्या लेकीला उपटू कशी?"

मग रीतभात, रीतभात करणारी मीच मातीत पाट मांडला. उभ्या रोपाला हळदकुंकू वाहिलं, भाजी-भाकरीचा नैवेद्य तिथेच दाखवला. माश्या हलल्यासुद्धा नाहीत. एक तर माझ्या बोटावरून चालत फुलात गेली. मला रडूच फुटलं.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या गौरी बोळवल्या. द्वारकाने वाफ्याला पाणी घातलं आणि म्हणाली, "राहा गं बाई, हवे तितके दिवस."